बिब्ब्याचा तीळ

भरतीच्या अर्जात सातवा रकाना ओळखीच्या खुणांचा होता. उमेदवाराच्या अंगावरच्या दोन कायमच्या खुणा त्यात लिहायच्या, आणि त्यांतली एक तरी चेहऱ्यावर, मानेवर किंवा हातावर, म्हणजे कपडे न काढता दिसेल अशी हवी. १९५७ च्या हिवाळ्यात भिलाईच्या माळावर तंबू ठोकून पोलाद कारखान्याची भरती चालायची, तेव्हा मी असे शेकडो रकाने भरले. नागपूरहून बी.कॉम. होऊन आलो होतो, वय एकवीस. बाकीचे कारकून नुसतं ‘तीळ’ किंवा ‘व्रण’ लिहून पुढच्या माणसाला हाक मारत. मी जागा, रंग आणि आकार लिहीत असे. मसुराएवढा, मोहरीएवढा, ज्वारीच्या दाण्याएवढा. मोजमाप लिहिलं की नोंद पक्की होते, असं मला वाटायचं.

चिंधू बावनथडे याचा अर्ज मीच भरला. तो तुमसरजवळच्या एका खेड्यातला, वय सत्तावीस. आधीची दोन मुलं गेल्यामुळे आईनं दृष्ट लागू नये म्हणून याचं नाव चिंधू ठेवलं होतं. मँगनीजच्या खाणीत आठ वर्षं दगड फोडून तो इकडे आला होता. उंच, सडपातळ, आणि उभा राहिला की स्वतःच्या अंगाला शक्य तेवढी कमी जागा लागावी असा उभा राहायचा. पहिली खूण म्हणून त्यानं धोतर वर करून उजव्या नडगीवरचा व्रण दाखवला. मी म्हटलं, ही चालेल, पण दुसरी दिसणारी पाहिजे. त्यानं डावा गाल पुढे केला. डोळ्यापासून दोन बोटं खाली काळाभोर तीळ होता. ‘डाव्या गालावर काळा तीळ, ज्वारीच्या दाण्याएवढा,’ असं मी इंग्रजीत लिहिलं, त्याचा अंगठा घेतला आणि त्याला खलाशांच्या टोळीत पाठवलं. पुढे हीच ओळ त्याच्या गेटपासवर उतरली.

त्यानंतर अडीच वर्षं मी त्याला लांबूनच पाहत होतो. खलाशी म्हणजे जड लोखंड दोरखंडांनी आणि कप्प्यांनी उचलून जागेवर बसवणारे लोक. चिंधू त्या कामात चांगला निघाला. त्याचा मुकादम पंजाबराव अमरावतीकडचा होता, कोणाचं कौतुक करायची त्याला सवय नव्हती, पण उंचीवर माणूस चढवायचा असला की तो चिंधूलाच हाक मारायचा. एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात आली होती. मे महिन्यात, भट्टीजवळ, लोक अंगातले सदरे काढून टाकत, तेव्हाही चिंधूच्या डोक्याभोवती आणि गालांभोवती दुपट्टा गुंडाळलेला असायचा. दाताचं दुखणं आहे, असं तो सांगायचा. पंजाबराव म्हणायचा, अडीच वर्षं दुखते असा दात मी नाई पायला, बायको असन ती.

बायको गावाला होती. ठकूबाई तिचं नाव. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, त्यांतले जेमतेम सात महिने दोघं एका घरात राहिले होते. सोबतचे लोक एकेक करून बायकामुलं घेऊन आले, झोपड्या बांधून राहिले. चिंधू मात्र नोकरी पक्की झाल्यावर आणतो म्हणायचा.

१९६० च्या उन्हाळ्यात ते पक्कं व्हायची वेळ आली. हंगामी लोकांना कायम करायचं ठरलं, आणि त्याआधी प्रत्येकाची ओळख पडताळायची असा हुकूम निघाला. कारण होतं. एकाच्या नावाचा पास घेऊन दुसराच कामावर येतो, अशी काही प्रकरणं सापडली होती. भाऊ भावाच्या जागी, मेहुणा मेहुण्याच्या जागी. नोंदीतल्या खुणा आणि अंगावरच्या खुणा जुळल्या नाहीत तर माणूस तोतया समजायचा, पास काढून घ्यायचा, आणि गरज पडल्यास पोलिसात द्यायचा. नोटीस गेटवर लागली, शिपायानं ती हिंदीत वाचून दाखवली.

त्याच रविवारी सकाळी चिंधू सेक्टर सहामध्ये माझ्या क्वार्टरवर आला. मी कपडे वाळत घालत होतो. तो दाराशीच उभा राहिला.

“बाबू, माह्या कागदावर तुमी काय लिवलं होतं, आठवते काय?”

शेकडो कागदांतला एक, मला आठवत नव्हतं. तसं मी सांगितलं.

“मले आठवते. डाव्या गालावर काळा तीळ, ज्वारीच्या दाण्याएवढा. शिपायाकडून तीनदा वाचून घेतलं म्या.” त्यानं दुपट्टा सोडला. गालावर काजळाचा एक ठिपका होता, घामानं त्याला शेपूट फुटली होती. “तो तीळ गेला जी.”

“तीळ असा जातो काय, चिंधूभाऊ?”

“तो तीळ नोयताच.”

मग त्यानं बसून सगळं सांगितलं. भरतीच्या आदल्या दिवशी तो रांगेत असताना पुढच्या एका माणसाला परत पाठवलं होतं. त्याचं वय कमी होतं म्हणून. पण रांगेत बातमी पोचेपर्यंत ती बदलली होती. अंगावर निशाणी नव्हती म्हणून हाकलला, असं मागच्या लोकांना कळलं. चिंधूनं बरोबरच्या लोकांकडून आपली मान, पाठ, हात सगळं तपासून घेतलं. कुठे काही नाही. नडगीचा व्रण सोडला तर अंग कोरं. त्याच्या आईनं टाचेच्या भेगा भरायला दोन बिब्बे गाठोड्यात बांधून दिले होते. त्यानं एक बिब्बा विस्तवावर धरला, बाभळीच्या काट्यानं तेलाचा थेंब उचलला आणि गालावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा तो थेंब वाळून काळा झाला होता. तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला, फोड आला, खपली धरली, आणि सहा महिन्यांत तिथला काळेपणाही गेला. तेव्हापासून तो रोज कामाला निघताना काजळ लावत होता. गेटवरच्या शिपायापुरता दुपट्टा बाजूला करायचा आणि पुन्हा बांधायचा. न्हाव्याकडे जाणं त्यानं सोडलं होतं, दाढी स्वतःच करायचा.

मी त्याला सल्ला दिला तो नियमाला धरून होता. म्हटलं, एक अर्ज द्या, झालं ते जसंच्या तसं लिहा, मी लिहून देतो, तुम्ही अंगठा करा. तो मान हलवू लागला. लिहून दिलं म्हणजे खोटेपणा कबूल केला, मग तोतया म्हणायला साहेबाला काय कमी राहिलं, असं त्याचं म्हणणं. मी फार जोर केला नाही. खरं सांगायचं तर त्याच्या अर्जात माझंही नाव आलं असतं. ती नोंद न तपासता कोणी केली, हे कोणीतरी विचारलंच असतं. जाताना तो म्हणाला, मी इचार करतो. मी त्याला लवकर विचार करा म्हटलं आणि उरलेले कपडे वाळत घातले.

विचार त्यानं पंजाबरावजवळ केला. पंजाबरावनं आधी पोटभर हसून घेतलं. तुह्या गालावर तर माशी बसाले तयार नाई, तीळ कुठून बसन, असं म्हणाला. आणि मग उपाय सांगितला. एकदा लावला तसा दुसऱ्यांदा लाव. पडताळणीच्या दोन दिवस आधी लाव म्हणजे चांगला काळा राहतो.

त्यानं सांगितलं वाईट बुद्धीनं नव्हतं. पण बिब्बा ज्याला एकदा उतला त्याला दुसऱ्यांदा फार उततो, हे आमच्याकडच्या कोणत्याही म्हातारीनं सांगितलं असतं. तिथे म्हातारी कोणी नव्हती. बिब्बाही धोब्याकडून आणलेला, ताजा, तेलानं भरलेला. शिवाय मागचा ठिपका लहान होता की मोठा हे चिंधूला नीट आठवेना, माझी ज्वारी तर त्याच्या डोक्यात पक्की बसलेली. कमी पडू नये म्हणून त्यानं थेंबावर थेंब ठेवला.

पडताळणीच्या टेबलाशी साहेबांच्या उजव्या हाताला मी बसलो होतो. साहेब मद्रासकडचे, शांत, शिस्तीचे. मी नोंद वाचायची, त्यांनी माणूस पाहायचा. चिंधूचं नाव पुकारलं आणि दुपट्ट्यात गुंडाळलेलं एक डोकं पुढे आलं. साहेबांनी दुपट्टा काढायला सांगितलं. त्यानं काढला, आणि मागच्या रांगेतले लोक दोन पावलं मागे सरले. डावा डोळा पूर्ण मिटला होता. गाल कानापर्यंत सुजून चकाकत होता, मधोमध पाण्यानं भरलेले फोड, ओठ एका बाजूला ओढलेला. रोज गेटमधून आत जाणारा माणूस आणि हा माणूस यांत उंचीशिवाय काही सारखं नव्हतं.

नडगीचा व्रण जुळला, पण तसे व्रण खाणीतून आलेल्या निम्म्या लोकांना होते; मग मी दिसणारी खूण वाचली. ‘डाव्या गालावर काळा तीळ, ज्वारीच्या दाण्याएवढा.’

साहेबांनी अंगठा घ्यायला सांगितला. तो घेतला, जुन्याशेजारी धरला. तारेचे दोर ओढून ओढून अंगठ्याच्या रेघा झिजल्या होत्या, कागदावर नुसता काळा गोळा उमटला. “हा कोण आहे?” साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं.

“नोंदीप्रमाणे चिंधू बावनथडे,” मी म्हटलं.

हे उत्तर नव्हतं, आणि साहेबांनाही ते कळलं. त्यांनी चिंधूला हिंदीत विचारलं, तोंडाला काय झालं. चिंधू एका डोळ्यानं माझ्याकडे पाहत राहिला. मी कागदाकडे पाहत राहिलो. शेवटी तो म्हणाला, मधमाशी चावली. साहेबांनी पास काढून घेतला, शेरा मारला, ‘ओळख पटली नाही, चौकशीपर्यंत प्रवेश बंद,’ आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

चौकशीची तारीख एकोणीस दिवसांनी लागली. या एकोणीस दिवसांत चिंधू रोज पाळीच्या वेळेला डबा घेऊन गेटवर येत होता. आत जाता येत नव्हतं. शिपाई त्याला हटकायचे, तो रस्त्यापलीकडे जाऊन बसायचा आणि पाळी सुटली की सगळ्यांबरोबर परत जायचा. घरी बसलो तर पळून गेला म्हणतील, अशी त्याला भीती होती. मी सायकलवरून जाताना तो उभा राहायचा. गाल हळूहळू उतरत होता, फोडांच्या जागी कातडी सोलत होती. गेटवर लोक काही-काही बोलायचे. खरा चिंधू मेला आणि हा त्याचा भाऊ आहे, असंही एक निघालं होतं. दुसऱ्या एका खात्यातल्या दोघांना पोलिसांनी नेल्याची बातमी आली तेव्हा त्यानं डबा उघडलाच नाही, तसाच परत नेला, असं मला पंजाबरावनं सांगितलं. पंजाबरावचं हसणं एव्हाना बंद झालं होतं. टोळीतल्या चौघांच्या अंगठ्यांसह, हाच तो चिंधू, असा एक कागद त्यानं माझ्याकडे आणून दिला. पण चौघेही आधी त्याला ओळखत नव्हते. टोळीत आला तो चिंधू होता की दुसरा कोणी, हे त्यांना सांगता येणार नव्हतं. सांगणारा मी एकटाच होतो, आणि मलाही भरतीच्या दिवसाचा चेहरा आठवत नव्हता, कागदावर होता तो फक्त तीळ.

तारखेच्या आदल्या दिवशी मी सायकल थांबवली आणि रस्ता ओलांडून त्याच्याजवळ गेलो. म्हटलं, उद्या खरं सांगा. तो म्हणाला, “साहेबासमोर माही जीभ उचलत नाई बाबू. मधमाशी कशी निंगाली तोंडातून तेबी मले समजलं नाई. तुमीच सांगा. तुमी सांगान तर खरं वाटन.”

डब्याचं झाकण दाबत तो म्हणाला, “नाई सांगतलं तरी चालते जी. तुमचीबी नोकरी हाये.”

ते त्यानं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत मी सगळं सांगायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्याला अडलो. बिब्ब्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. एक फळ असतं, त्याच्या बीत तेल असतं, ते कातडीला जाळतं, काळा डाग पडतो, असं मी सांगत गेलो. साहेब ऐकत होते, पण त्यांच्या कपाळावरची आठी जाईना. अडीच वर्षांपूर्वी आपल्या हातानं चेहऱ्यावर डाग पाडला, नोकरीसाठी, आणि आता पुन्हा, ही गोष्ट त्यांना रचलेली वाटत होती. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटली असती. चिंधू भिंतीला टेकून उभा होता. बाहेर शिपाई त्याला न्यायला थांबल्यासारखा येरझारा घालत होता.

तेव्हा मला सुचलं. उकाड्यानं साहेबांनी कॉलरचं बटण सोडलं होतं. मी म्हटलं, “सर, तुमच्या कॉलरच्या आतल्या बाजूला धोब्याची खूण असेल. ती याच बिब्ब्याची आहे.”

साहेबांनी मान वाकडी करून कॉलर उलटी केली. आत तीन काळे ठिपके आणि एक आडवी रेघ होती. त्यांनी अंगठ्यानं घासून पाहिलं. कापडावरून ती जात नाही आणि कातडीवरून सहा महिन्यांत जाते, हे मी सांगितलं. ते उठले, टेबलाला वळसा घालून चिंधूजवळ गेले आणि पहिल्यांदाच त्याचा गाल जवळून पाहिला. त्यांनी त्याला हिंदीत एवढंच विचारलं की अंगावर खूण नाही असं त्या दिवशी का सांगितलं नाहीस. चिंधू म्हणाला, निशाणी नसलेल्या माणसाला घेत नाहीत, असं ऐकलं होतं.

“असा नियम नाही,” साहेब म्हणाले. “खूण नसेल तर ‘नाही’ लिहायचं.” हे ते माझ्याकडे बघून म्हणाले.

मी लेखी जबाब दिला. नोंद मी न तपासता केली, हे त्यात पहिल्या ओळीत लिहिलं. माझ्या सेवापुस्तकात त्याबद्दल ताकीद चढली, ती अजून आहे. तुमसरच्या खाणीतून चिंधूचा जुना हजेरीचा दाखला मागवला, नडगीचा व्रण डॉक्टरांनी पाहिला, आणि जुलैमध्ये त्याचा पास परत मिळाला. जुनी ओळ खोडून तिथे डॉक्टरांनी सांगितलेलं मी लिहिलं: ‘डाव्या गालावर भाजल्याचा पांढरट व्रण.’ आकार डॉक्टरांनी पट्टीनं मोजून दिला.

चिंधूनं मला विचारलं, हा तरी जाणार नाही ना. मी डॉक्टरांना विचारून सांगितलं की हा राहील. त्याचा विश्वास बसला असं वाटलं नाही. पुढे किती तरी दिवस त्याच्या सदऱ्याच्या खिशात हातात मावेल असा आरसा असायचा. पंजाबराव म्हणायचा, आमचा चिंधू म्हातारपणी नटायला लागला.

कायमचा हुकूम हातात आला तेव्हा तो ठकूबाईला घेऊन आला. त्याला सेक्टर सहामध्येच एका खोलीचं क्वार्टर मिळालं होतं, माझ्यापासून चार गल्ल्या पलीकडे. ती आल्यावर दोन दिवसांनी तो मला भेटला, चेहरा उतरलेला. झालं असं की तिनं त्याचा गाल पाहिला, सगळी हकीकत ऐकली, आणि कपाळाला हात लावून म्हणाली, “मले एक कार्ड टाकलं असतं तर सांगतलं असतं. तुमच्या मानेवर मांगं, केसात, तीळ हाये. चांगला ठसठशीत. लगनाच्या हळदीतच पायला म्या.” रांगेतल्या लोकांनी मान तपासली होती, पण केस बाजूला केले नव्हते. तिच्याशिवाय कोणाला ते सुचणारही नव्हतं. आता हा तीळ कागदावर चढवा, असं त्याचं म्हणणं होतं. मी सांगितलं, गरज नाही, शिवाय केसांत झाकलेली खूण चालत नाही. तो बरं म्हणून गेला. पण दुसऱ्या दिवसापासून तो मानेवरचे केस तळहातासारखे साफ भादरून घेऊ लागला, आणि निवृत्त होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी भादरत राहिला. नवीन आलेल्या पोरांना वाटे, काही नवस आहे.

१९६२ च्या दिवाळीनंतर ठकूबाई बाळंत झाली. त्या दुपारी चिंधू दवाखान्यातून थेट माझ्या कचेरीत आला. नर्सनं मूल दाखवायला आणलं तेव्हा मुलगा की मुलगी हे न विचारता त्यानं फडकं बाजूला करून ते मान दिसेल असं पालथं धरायला सांगितलं होतं, आणि नर्स त्याच्यावर ओरडली होती. हे त्यानं मला सांगितलं, पण घाईत, मधलं काहीतरी उरकायचं असल्यासारखं.

“पोरगी झाली बाबू. डाव्या कानाच्या मांगं तीळ हाये. ओल्या बोटानं पुसून पायला म्या, जात नाई.”

मी अभिनंदन केलं. तो गेला नाही. टेबलाच्या कडेला हात ठेवून उभा राहिला.

“पण लेकरू लहान हाये अजून. वाढता वाढता राहीन ना जी तो?”

राहील, मी म्हटलं. जन्माचा तीळ कुठे जात नाही. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि हे कोणत्या डॉक्टरनं सांगितलं ते विचारलं.